ओतायची माती

आज एक कोडं घालते. बघा सुटतंय का.

आमच्या शाळेच्या फाटकासमोर गेल्या उन्हाळ्यात पाण्याची नवी पाइपलाइन टाकली. पिवळा जेसीबी आला. मधल्या सुट्टीत निम्मी शाळा फाटकाला लोंबकळून ते काम बघत होती, आणि खोटं कशाला सांगू, मीही बघत होते. चर खणला, पाइप आत गेला, काढलेली माती परत वर लोटली, जेसीबीनं त्यावरून दोनदा ये-जा केली आणि झालं! तरीसुद्धा बरीच माती उरली. ती ट्रॉलीत भरून गावाबाहेर कुठंतरी नेऊन टाकली.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिले दोन-तीन पाऊस झाले आणि चराच्या जागी रस्त्यात लांबच लांब घळ पडली. एका रिक्षाचं पुढचं चाक त्यात रुतलं. तिसरीतल्या एका मुलीनं साचलेल्या पाण्यात पाय टाकला. पाणी किती खोल आहे हे तिला कुठं दिसत होतं! ती पडली ती उजव्या हातावर. महिनाभर हात गळ्यात अडकवून वर्गात यायची आणि तिचा गृहपाठ शेजारची मैत्रीण लिहायची.

त्याच आठवड्यात चौथीतल्या एका मुलानं मला वर्गात विचारलं, "बाई, खड्ड्यातली माती खड्ड्यातच टाकली ना? शिवाय आत एवढा मोठा पाइप गेला. मग माती उरायला पाहिजे. कमी कशी काय पडली?"

हेच ते कोडं. त्या दिवशी मी त्याला "उद्या सांगते" म्हटलं. (बाईंनी "उद्या सांगते" म्हटलं की काय समजायचं, हे तुम्हाला चांगलं ठाऊक आहे.) घरी गेले, पुस्तकं काढली, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या एका शेजाऱ्यांना गाठलं, आणि त्या एका प्रश्नातून हा लेख झाला.

गिरणीतून दळण आणल्यावर पीठ डब्यात भरताना आई काय करते, आठवा. डबा काठोकाठ भरतो, पण पिशवीत पीठ शिल्लक असतं. मग आई डबा जमिनीवर हलकेच आपटते. पीठ खाली बसतं, वर जागा होते, उरलेलं पीठही मावतं. पीठ काही कमी झालेलं नसतं. कणांमधली हवा तेवढी निघून जाते.

मातीचंही तसंच. जमिनीतली माती शेकडो-हजारो वर्षं स्वतःच्या आणि वरच्या ओझ्याखाली दाबून बसलेली असते. आपण ती खणतो, तेव्हा तिची ढेकळं होतात आणि ढेकळांमध्ये पोकळ्या राहतात. एक ब्रास जमीन खणली तर बाहेर जवळजवळ सव्वा ब्रास मातीचा ढीग दिसतो! खणणारे म्हणतात, माती फुगली. ही फुगलेली माती चरात लोटली की चर भरल्यासारखा दिसतो, ढीगही उरतो. तो ढीग ट्रॉली घेऊन जाते. मग पाऊस येतो. पाणी पोकळ्यांत शिरतं, ढेकळं विरघळतात, माती खाली बसते आणि वर घळ पडते. उरलेली म्हणून जी माती फेकून दिली, तिच्यातली बरीचशी खरं तर चरातलीच होती. सुटलं कोडं?

आता तुम्ही म्हणाल, मग डब्यासारखं आपटायचं की! बरोबर. शास्त्र तेच सांगतं. माती एकदम लोटायची नाही. वीतभर जाडीचा थर टाकायचा, थोडं पाणी मारायचं, धुम्मस करायची, मग दुसरा थर. धुम्मस म्हणजे माती ठोकून बसवणं. पूर्वी ती हातानं करत, आता थडथड उड्या मारणारं यंत्र असतं. पण याला वेळ लागतो आणि माणसाला चरात उतरावं लागतं. खोल, अरुंद चरात उतरणं हे सगळ्यांत धोक्याचं काम. एक घनमीटर माती म्हणजे दीड टनाहून जास्त वजन, एका लहान मोटारीपेक्षाही अधिक. चराची कड ढासळली तर सुटायला सेकंदही मिळत नाहीत.

आणि आणखी एक अडचण. पाइप गोल असतो. त्याच्या पोटाखाली, दोन्ही बाजूंना, जी चिंचोळी जागा राहते तिथं धुम्मस पोचतच नाही. यंत्र कितीही चांगलं असो! पोटाखाली पोकळी राहिली की पाइपला आधार नसतो. वरून ट्रक गेला की तो तडकतो, पाणी गळायला लागतं, ते पाणी आजूबाजूची माती वाहून नेतं आणि पुन्हा खड्डा.

यावर इंजिनिअर लोकांनी एक उपाय काढला, आणि तो ऐकून मला पिठल्याची आठवण झाली. माती ठोकून बसत नाही ना? मग ती पातळ करून ओतायची!

खणलेली माती फेकून न देता कारखान्यात आणतात. कधी कधी यंत्रंच कामाच्या जागी नेतात. मातीतले मोठे दगड, विटांचे तुकडे, मुळ्या चाळून काढतात. मग टाकीत पाणी घालून तिचा राबडीसारखा चिखल करतात आणि त्यात थोडंसं सिमेंट मिसळतात. एका घनमीटरला शंभर किलोच्या आसपास. माती कशी आहे त्यावर ते कमी-जास्त होतं. घराच्या काँक्रीटला याच्या तिप्पट किंवा त्याहूनही जास्त सिमेंट लागतं, म्हणजे हा हात जरा आखडताच. तयार माल गोल गोल फिरणाऱ्या मिक्सर गाडीतून आणायचा आणि पन्हळीतून किंवा पंपानं चरात सोडायचा. तो आपोआप पसरतो, पाइपच्या पोटाखाली शिरतो, कोपरे भरतो आणि पाण्यासारखा सपाट होतो. धुम्मस नको, चरात माणूस नको. काही तासांत तो घट्ट व्हायला लागतो.

राबडी किती पातळ हवी, ते कसं ठरवत असतील? जपानमध्ये वापरतात ती चाचणी तर अगदी आपल्या पंगतीतली आहे. आठ सेंटिमीटर व्यासाचं आणि आठ सेंटिमीटर उंचीचं एक नळकांडं काचेसारख्या गुळगुळीत पाटावर उभं ठेवतात. ते मातीच्या राबडीनं भरतात आणि अलगद वर उचलतात. आपण वाटीनं भाताची मूद पाडतो तसं! मूद तशीच उभी राहिली तर माल फार घट्ट. डोशाच्या पिठासारखी पसरली तर छान. एका मिनिटानं पसरलेल्या चकतीचा व्यास मोजतात. तो निदान अकरा सेंटिमीटर तरी भरला पाहिजे, आणि बारीक फटींत शिरायचं असेल तर सोळा किंवा त्याहून जास्त.

पण पाणी जास्त झालं तरी पंचाईत. ताक ठेवून दिलं की वर निवळ येते ना, तसं मातीचं पाणी वर येतं आणि माती खाली बसते. मग घट्ट झाल्यावर वर पुन्हा फट! म्हणून राबडी तीन तास स्थिर ठेवून वर किती पाणी साचलं ते मोजतात. शंभर भागांत एक-दोन भागांपेक्षा जास्त आलेलं चालत नाही.

आता एक गंमत सांगते. सिमेंट म्हटलं की आपल्याला वाटतं, जितकं मजबूत तितकं उत्तम. इथं उलटं आहे. ही माती मुद्दाम कच्ची ठेवतात! कारण पाइप कधी तरी बिघडणार, दुरुस्तीला पुन्हा खणावं लागणार. भराव दगडासारखा झाला तर फोडताना खालचा पाइपच फुटायचा. म्हणून तो घराच्या काँक्रीटच्या पन्नासाव्या हिश्श्याइतका किंवा त्याहूनही कमी मजबूत ठेवतात. वरून ट्रक गेला तर दबू नये, पण कुदळ मारली तर निघावा, इतपत. ज्या घट्ट जमिनीतून माती काढली तिच्याइतकी किंवा थोडी जास्त ताकद पुरते. सिमेंट मात्र पुढेही महिनोन्महिने कडक होत राहतं, त्यामुळे हे माप साधणं वाटतं तितकं सोपं नाही.

दुसरी गंमत आर्किमिडीजची. मोठ्या मुलांनी हा नियम शाळेत शिकलेला आहे. पाण्यात बुडवलेल्या वस्तूला पाणी वर ढकलतं. ही राबडी तर पाण्याच्या दीडपट किंवा त्याहूनही जड. तिच्यात रिकामा पाइप ठेवला तर काय होईल? तरंगायला लागेल! खरोखरच तसं होतं. म्हणून पाइप आधी पट्ट्यांनी जखडून ठेवतात, किंवा थोडी राबडी ओतून ती घट्ट होऊ देतात आणि मग उरलेली ओततात. घाई केली तर पाइपलाइन चरातून वर डोकावायची.

ही कल्पना पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर वापरली ती अमेरिकेत, १९६४ साली. टेक्सास राज्यात कॅनेडियन नदीचं पाणी अमारिलो, लबक या शहरांकडे नेण्यासाठी जवळजवळ ५१५ किलोमीटर लांबीची पाइपलाइन टाकायची होती. तिथं वाऱ्यानं वाहून आणलेली बारीक वाळू जागेवरच भरपूर होती. तीच सिमेंट आणि पाण्यात कालवून पाइपखाली ओतली. खर्चात सुमारे ४० टक्के बचत झाली असा अंदाज निघाला. नंतर तिथं वीजकेंद्रातली राख वापरूनही असा भराव बनवू लागले.

पण खणलेली माती पुन्हा वापरायची, हा ध्यास घेतला जपाननं. मुद्दा जागेचा होता. टोकियोसारख्या शहरात जमिनीखाली भुयारी रेल्वे, गटारं, तळघरं यांची कामं सतत चालू. मातीचे डोंगर निघतात. टाकायचे कुठे? दूर न्यावे तर रस्त्यावर ट्रकच ट्रक, डिझेलचा धूर आणि खर्च. शिवाय खड्डे भरायला दुसऱ्या डोंगरातून चांगली वाळू खणून आणायची! म्हणजे इकडची माती तिकडे आणि तिकडची वाळू इकडे. १९९१ साली तिथं साधनांच्या पुनर्वापराचा कायदा झाला आणि त्यात बांधकामातल्या मातीचीही दखल घेतली गेली. चिकण असो की ओली, जी माती नुसती धुम्मस करून बसत नाही, तीसुद्धा राबडी करून वापरता येते, हा या पद्धतीचा मोठा फायदा.

माती नुसती नेऊन टाकली तर काय होऊ शकतं, हेही जपाननंच पाहिलं. ३ जुलै २०२१ रोजी आतामी या समुद्रकाठच्या गावात मुसळधार पावसात डोंगरावरून चिखलाचा लोंढा आला. वरच्या घळीत बांधकामाची माती आणून टाकलेली होती, तीच कोसळली. २८ माणसं मेली. त्यानंतर जपाननं मातीच्या भरावांसाठी सबंध देशाला लागू होणारा कडक कायदा केला आणि तो २०२३ पासून अमलात आला. आपल्या त्या ट्रॉलीतली माती कुठं गेली असेल, हे मी तोपर्यंत कधी मनातसुद्धा आणलं नव्हतं.

या ओतायच्या मातीची खरी परीक्षा झाली ती फुकुओका शहरात. ८ नोव्हेंबर २०१६. पहाटेचे सव्वापाच. हाकाता हे तिथलं मोठं रेल्वे स्टेशन. त्याच्यासमोरच्या रस्त्याखाली भुयारी रेल्वेचा बोगदा खणायचं काम चालू होतं. बोगद्यात छतातून पाणी आणि माती यायला लागली. कामगारांनी धोका ओळखला आणि ते बाहेर पळाले. वर रस्त्यावरची वाहतूक थांबवली. आणि काही मिनिटांतच रस्ता खाली गेला! सुमारे ३० मीटर लांब, २७ मीटर रुंद आणि १५ मीटर खोल खड्डा. पाच मजली इमारत उभी मावेल एवढा. वीज, गॅस, पाणी, टेलिफोन सगळं तुटलं. आजूबाजूच्या उंच इमारतींचे पाये उघडे पडले. वेळीच रस्ता बंद केला होता म्हणून त्यात एकही गाडी पडली नाही.

आता विचार करा, हा खड्डा कसा भरायचा? फुटलेल्या गटारांचं आणि जमिनीतलं पाणी आत साचलेलं. कडा ढासळताहेत. आत माणूस उतरवणं शक्यच नाही, मग धुम्मस कोण करणार? नुसती माती टाकली तर पाण्यात विरघळून गाळ होईल. अशा वेळी ओतायची माती धावून आली. पाण्यात टाकली तरी न विस्कटता घट्ट होईल अशी राबडी तयार केली. त्याच दिवशी दुपारी मिक्सर गाड्यांची रांग लागली आणि दिवसरात्र ओतणं सुरू झालं. सगळा मिळून भराव लागला सहा हजार घनमीटरांहून जास्त. एका मिक्सरमध्ये पाच घनमीटर धरले, तर एवढ्या मालाला किती खेपा लागतील, ते पाचवीच्या पुढच्यांनी तोंडी काढून दाखवावं! खालचा भाग घट्ट झाल्यावर वर पाइप, तारा पुन्हा टाकल्या, रस्ता केला आणि १५ नोव्हेंबरला पहाटे वाहतूक सुरूसुद्धा झाली. एका आठवड्यात! जगभरच्या वर्तमानपत्रांनी त्याचे आधीचे आणि नंतरचे फोटो शेजारी शेजारी छापले.

पण गोष्ट तिथं संपली नाही, आणि हे सांगितलं नाही तर मी तुम्हाला अर्धवट सांगितल्यासारखं होईल. २६ नोव्हेंबरला तोच रस्ता पुन्हा खचला, जास्तीत जास्त सात सेंटिमीटर. काही तास तो बंद ठेवावा लागला. ओतलेली माती घट्टच होती, पण तिच्याखाली, मोडलेल्या बोगद्याजवळ, सैल माती होती. वरचं ओझं आल्यावर ती दबली. डब्यातल्या पिठासारखीच! ती भुयारी रेल्वे पुढे २७ मार्च २०२३ ला सुरू झाली.

जपानला या मातीचा आणखी एक उपयोग होतो, तो भूकंपात. सैल, ओली वाळू भूकंपानं जोरात हलली की थोडा वेळ चक्क पातळ होते. २००४ साली निगाता भागात भूकंप झाला, तेव्हा गटारांच्या चरांत भरलेली वाळू अशीच पातळ झाली आणि हजाराहून जास्त मॅनहोल रस्त्यातून वर उचलले गेले. काही तर माणसाच्या कमरेपर्यंत! पुन्हा आपला आर्किमिडीज. चर सिमेंट मिसळलेल्या मातीनं भरला असेल तर ती हलली तरी पातळ होत नाही. म्हणजे पातळ करून ओतलेली माती नंतर पातळ होत नाही आणि कोरडी टाकलेली वाळू होते. आहे की नाही गंमत!

हे सगळं वाचून "मग सगळीकडे हेच का करत नाहीत?" असं मला वर्गात विचारलं गेलंच. सिमेंट लागतं, त्यासाठी पैसा लागतो. सिमेंट बनवताना भट्टीतून भरपूर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणून ते जितकं कमी तितकं बरं. पालापाचोळा कुजलेली, काळीशार सेंद्रिय माती असेल तर सिमेंट नीट धरतच नाही. कारखान्याच्या जागेवरच्या मातीत विषारी पदार्थ असतील तर ती वापरता येत नाही. सिमेंट मिसळल्यावर क्रोमियमचा घातक प्रकार पाझरतो का, तेही जपानमध्ये तपासून घेतात. आणि ओतलेली माती घट्ट होईपर्यंत चर झाकून ठेवावा लागतो. वरून सपाट, भक्कम दिसणारी ती राबडी म्हणजे एखाद्या लहान मुलासाठी सापळाच. लांबच्या, मोकळ्या शेतातल्या चराला थर टाकून धुम्मस केली तर तेच स्वस्त आणि चांगलं. फक्त ती खरोखर करायला हवी, एवढंच. आमच्या शाळेपुढं जे झालं ते मातीमुळे नव्हे, घाईमुळे झालं असं माझं मत आहे.

तुम्हाला घरी करून बघायचं असेल तर सिमेंटला हात लावू नका. ओलं सिमेंट कातडी भाजून काढतं. नुसत्या मातीनंही पुष्कळ कळतं. काचेच्या दोन सारख्या बरण्या घ्या. दोन्हींत तळाशी बॉलपेनची रिकामी नळी चिकटपट्टीनं आडवी चिकटवा. एकीत कोरडी, ढेकळांची माती वरपर्यंत भरा. दुसरीत तीच माती चाळून, पाण्यात कालवून, डोशाच्या पिठाइतकी पातळ करून ओता. दोन्हींवर पातळीची खूण करा. मग पहिल्या बरणीत झारीनं हळूहळू पाऊस पाडा आणि माती किती खाली गेली ते पट्टीनं मोजा. दुसरीत वर किती निवळ आली ते दुसऱ्या दिवशी बघा. बाहेरून नळीच्या पोटाखाली कुठल्या बरणीत पोकळी दिसते, तेही नोंदवा. तिसऱ्या बरणीत नळीची दोन्ही टोकं बंद करून ती न चिकटवता राबडी ओतलीत तर काय होतं, हे मी सांगत नाही. आई-बाबांना विनंती, खालच्या फरशीवर जुनी वर्तमानपत्रं तेवढी पसरून द्या.

आमच्या चौथीच्या वर्गानं आता एक वही केली आहे. दर सोमवारी प्रार्थनेनंतर दोन मुलं आणि मी फाटकाबाहेर जातो. चराच्या दोन काठांवर आडवी काठी ठेवून मध्ये पट्टी उभी धरतो. जूनच्या शेवटच्या सोमवारी ९ सेंटिमीटर भरले होते, जुलैअखेर १३, आणि ऑगस्टच्या तिसऱ्या सोमवारी साडेतेरा. हात मोडला होता ती मुलगी आता तिसरीतून रोज मधल्या सुट्टीत येऊन वही बघते. तिचं म्हणणं, तिच्या पडण्याचीसुद्धा नोंद त्यात हवी. आम्ही पहिल्या पानावर तारीख घातली आहे.

वहीची पानं पालकांनी एका अर्जाला जोडून दिली आहेत. अर्ज पोचल्याचा शिक्का मिळाला आहे. पट्टी धरायला पुढच्या सोमवारी कोणाची पाळी, यावरून मात्र वर्गात अजून भांडण चालू आहे.